नॉर्मनचा आर्थर

नाही, आत नको जाऊस नेत्रा, आत्ताच डोळा लागलाय त्याचा — बस. काउंटीच्या ऑफिसातून मराठी मुलगी येईल असं वाटलंच नव्हतं, तू ‘काका’ म्हणालीस आणि केवढा धीर आला गं! आता तूच सांग तुझ्या ऑफिसला — नॉर्मनला त्या मेमरी केअरमध्ये, विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये, टाकू नका. विसरतो, मान्य. नव्वदी उलटलीय, काहीतरी होणारच ना? आणि मी आहे की शेजारी. पोलिसांनी काय सांगितलं, गवत कापायची गाडी घेऊन रस्त्यावर आला? आला. पण मी होतो ना सोबत — म्हणजे, मीच चालू करून दिली होती. अशी बघू नकोस. तो माणूस कोण आहे हे तुला ठाऊक नाही, म्हणून —

अगं, स्पीडवे रायडर तो! महायुद्धानंतर इंग्लंडात वेड होतं याचं — राखेचा गोल ट्रॅक, चार मोटरसायकली, आणि ब्रेकच नाही. खरंच नाही! डावा पाय जमिनीला घासत, मागचं चाक घसरवत वळायचं, बुटाखाली लोखंडी पत्रा. इंजिनात एरंडेल, आपण पोटाला घेतो तेच — वास म्हणे गावभर. रेशनवर जगणारी माणसं, घरात शेगडीला कोळसा नाही, पण शनिवारी याला बघायला हजारोंनी यायची. गिरणीत काम करणारा हा, विशीत गावाच्या टीमचा कॅप्टन! लंडनच्या फायनलला निवड झाली. आणि तिच्या आधीच्याच मॅचला आर्थर — टीममधला जिवलग — वळणावर याच्या पुढ्यात पडला. ब्रेक नाही, सांगितलं ना. याने गाडी कुंपणावर घातली, मांडी मोडून घेतली, तरी चाक लागलंच. आर्थर गेला. फायनल गेली. पुढे परत बसला गाडीवर, पण वळण आलं की ॲक्सिलरेटरवरचा हात सैल पडायचा, बाकीचे निघून जायचे. मग घरोघरी टीव्ही आले, लोक यायचे थांबले, ट्रॅकवर घरं उठली. हा इकडे डेट्रॉइटला आला, इंजिन टेस्टिंगमध्ये. मी पुण्याहून आलो तेव्हा माझा बॉस. इतकी वर्षं शर्यतींबद्दल चकार शब्द काढला नाही गं. सगळं विसरायला लागला, आणि नेमकं तेवढंच वर आलं.

रोज सकाळी घाबराघुबरा उठतो. मला विचारतो, “आर्थर, लागलं का रे तुला?” पहिल्यांदा मी म्हटलं, अरे, मी मनोहर. ढसाढसा रडला. आता मी म्हणतो, “नाही रे नॉर्मन, साधं खरचटलंसुद्धा नाही.” मग तो चहा घेतो, टोस्ट खातो. त्या दिवशी म्हणाला, चल आर्थर, एक राउंड मारू — इतका खूश होता, नाही कसं म्हणू? तिथे त्याला कोण सांगणार, लागलं नाही म्हणून? शिफ्टवर येणाऱ्या पोरी? त्या गोळी देतील.

रात्री? रात्री मी इथेच, सोफ्यावर. माझं घर… आमची ही, रत्ना, गेल्यापासून तिकडे हीटिंगसुद्धा लावत नाही मी. मुलगा, ईशान, तिकडे लांब चँडलरहून फोन करतो, “बाबा, आर यू ईटिंग?” — तू काय लिहितेयस? माझं नको लिहूस, नॉर्मनचं लिही. गॅस? तो एकदाच चालू राहिला होता, आणि नॉर्मनने नाही, मी… हेही नको लिहूस.

बरं, मग असं कर — लिहीच. मलाही घ्या तिथे. एका खोलीत दोन बेड असतात ना? लिही, मनोहरसुद्धा विसरतो. विचार मला. आज वार कुठला? माहीत नाही. प्रेसिडेंट कोण? माहीत नाही. रडतेस काय, लिही ना! हे बघ, हात जोडतो, मुलीसारखी आहेस तू मला —

नॉर्मनच्या पुतणीने सही केली म्हणजे? कोण पुतणी? कधी भेटली ती याला? उद्या सकाळी त्याला न्यायला गाडी येणार… म्हणजे ठरलंच आहे? मग मला इतका वेळ बोलू का दिलंस?

जा तू आता. जा. आणि दार आपटू नकोस.