तृप्तीची कुरळी झुलपं

नाही, पण मले एक सांगा बाई, ओला केस लांब दिसते अन् वाळला का आखूड होते, हे मले कोणी काहून नाही सांगितलं? सातवीपर्यंत शिकली मी! बेडकाच्या पोटात काय काय असते त्याचं चित्र काढून घेतलं गुरुजीनं, रंग भरून! अन् पोरीचे केस ओले कापाचे का कोरडे, त्याचा एक धडा नाही पुस्तकात... आता बेडूक घेऊन मी काय करू?

तुमाले सांगते, आमची तृप्ती सहा वर्षांची, अन् केस म्हणान तं नुसते स्प्रिंग! माहे पाहा कसे सरळ, सुतासारखे. तिचे बापावर गेले. लग्नात त्याईनं तेल थापून थापून चापट बसवले होते, मले का माहीत आत काय दडलं आहे ते!

तं शनिवारी गॅदरिंग. तृप्ती नाचात पहिल्या रांगेत, मधोमध! पंधरा दिवस घरात दुसरं काही नाही, ताटात भात अन् पोरगी गोल फिरून राहिली. अन् बुधवारी मॅडमनं बोलावलं. "तृप्तीची आई, हिला समोरचं दिसतच नाही हो! काल शेजारच्या मुलीच्या पायावर नाचली. झुलपं भुवईपर्यंत कापा, नाहीतर मागच्या रांगेत उभी करीन."

मागच्या रांगेत! पोरीनं रस्ताभर एक गिरकी घेतली नाही जी...

घरी आली, पोरीले पाटावर बसवलं, केस ओलेचिंब केले, फणीनं सरळ खाली ओढले, अन् उजव्या भुवईवर... कर्र! अशी रेघ, अशी रेघ! मीच म्हटलं, वा वं रत्नमाला! अन् डावी बाजू बाकीच, तेवढ्यात शेजारची शेळी आमच्या आंगणात वाळू घातलेल्या धानात. मी धावली शेळीमागं, पोरगी धावली माह्यामागं, शेळी काही ऐकेना... अर्ध्या तासानं येऊन पाह्यतो तं केस वाळले, अन् चालले वर! भुवई सोडली, कपाळ सोडलं, पार मुळाशी जाऊन गोळा होऊन बसले! डाव्या डोळ्यावर पडदा अन् उजवीकडं भोपळ्याची वेल!

नवरा म्हणते, "अवो, दोन्हीकडून सारखं तं कर."
म्हटलं, "अजी, तुमीच द्या तुमचे थोडे!"

अन् सासू? सुमनबाई नाव, मी आत्याबाई म्हणतो, जलमभर धान कापलेली बाई. ते उंबऱ्यावर बसून म्हणते, "दवातलं गवत ओलं कापावं, विळा सरसर चालते. पण धान कोणी ओला कापते का वं?" मले तवा लय राग आला. आता पोरीच्या डोक्यात गवत कोणतं अन् धान कोणता, हे पाह्यत बसू? ओले का कोरडे, एवढं साधं विचारलं मी!

गुरुवारी जवाहरनगरले गेलो. तिथं फॅक्टरीच्या क्वार्टरजवळ राखीताईचं पार्लर आहे. फोनवर म्हणे, केस कोरडे आणा. मी पोरीचे केस धुऊन, वाळवून तयार! अन् मी लुगडं नेसेपर्यंत आत्याबाईनं तिच्या डोक्यात अर्धी वाटी तेल... "कोरड्या डोक्यानं लेकरू कोणी गावाले नेते का? लोकं काय म्हणतीन!"

राखीताईनं बोट लावलं अन् माह्याकडं पाह्यलं. "ताई, हे का आणलं? हे ना ओले, ना कोरडे!"
"मंग धुवा ना."
"धुतले का ओले. अन् कुरळे मी ओले कापत नाही. ओला केस खोटं बोलते ताई, वाळला का खरं सांगते."
"अन् माह्यासारखे?"
"सरळ ओलेच कापावं, एका रेघेत बसते. कुरळ्यात एकेका बटेचं मन वेगळं."

म्हणजे आत्याबाई बरोबर होती! पण हे घरी जाऊन कोण सांगते?

धुतले. अन् लाईन गेली! वाळवाची मशीन बंद. मंग काय, दुकानासमोर उन्हात पोरगी बसवली अन् मी पदरानं वारा घालून राहिली. फॅक्टरीची बस गेली, अख्खी बस आमच्याकडं पाहून राहिली. दर दोन मिनिटानं मी बोटं घालो, ओले का कोरडे? ओले! मंग डोकं दुसरीकडं फिरवो, पापडासारखं. ओले का कोरडे? मधून ओले! परतीची बस साडेचारची, माहा जीव खालीवर...

चार वाजता वाळले. अन् राखीताईनं ओढलं नाही, पाणी नाही, एकेक बट जिथल्या तिथं धरून टिक, टिक, टिक. त्या आखूड बटेले सोबतीण करून देली, तिच्या खाली अजून एक. दहा मिनिटं! अन् पोरीनं मान वर केली... बाप्पा, केवढे डोळे आहेत हो माह्या पोरीचे! मलेच पत्ता नव्हता.

शनिवारी पहिल्या रांगेत, मधोमध! कोणाच्या पायावर नाही नाचली. मी रडली, आत्याबाई रडली, नवरा म्हणे डोळ्यात कचरा गेला.

अन् महिना नाही झाला तं पोरगी डोकं खाजवून राहिली! गॅदरिंगले स्टेजमागं तीस पोरींची डोकी एका आरशासमोर चिकटली होती ना... उवा! आत्याबाईनं बारीक फणी आणली, पोरीले गुडघ्यात दाबलं, अन् माह्याकडं पाहून म्हणते, "सांग वं, तू तं शिकून आली. फणी ओल्यात फिरवू का कोरड्यात?"

मी आंबाडा सोडला अन् म्हटलं, "आत्याबाई, पहिले माह्यात फिरवून पाहा. मलेही कालपासून खाजून राहिलं."