सायमनचा पुढचा प्रोग्रॅम

खरं बोललं की माल खपतो म्हणता, तर आमच्या सायमनचं ऐका. हा माझा भाचा. कॉम्प्युटर नवे नवे आले तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि पाचूबंदरच्या एका मच्छीमार सोसायटीसाठी बर्फ-डिझेलच्या हिशेबाचा प्रोग्रॅम बनवला. पहिलंच गिऱ्हाईक. ते गेलं तर पुन्हा नोकरी शोधायची.

चेअरमनना प्रोग्रॅम आवडला. तेवढ्यात हा म्हणाला, “पुढचा याहून भारी येतोय, मराठीत छापणारा.”

“मग तोच आन. हा कशाला घेऊ?”

मराठीतला झाला. तो दाखवताना हा पुन्हा बोलला, “पुढच्यात प्रत्येक होडीचं खातं वेगळं दिसेल.” चेअरमन पुन्हा थांबले.

होड्यांची खातीही झाली. या वेळी मी सोबत गेलो आणि बजावलं, “पुढचं अवाक्षर काढू नकोस.”

सगळं पाहून चेअरमननी विचारलं, “आता याच्या पुढं काय?”

“काही नाही. हाच शेवटचा.”

चेअरमनचा चेहरा उतरला. “शेवटचा? म्हंजे धंदा बंद करतोस? जो सुतार ही माझी शेवटची होडी म्हनतो, त्याची होडी आम्ही घेत नाय. उद्या फळी सुटली तर कोनाला बोलवायचं?”

सायमनने माझ्याकडे पाहिलं. मग घाबरून म्हणाला, “नाही हो चेअरमन! पुढच्याचं काम सुरू केलंय की!”

चेअरमननी सुटकेचा निःश्वास सोडला, आमच्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले, “असं सांग ना! बरं, कधी आनतोस?”