आठशे ड्रिपरची उभयचर गाडी

...आणि बुडवलं, बुडवलं काय लावलंय सगळ्यांनी? मी कोणाला बुडवलं नाही. तुम्हाला सांगतो, बुडायला माणूस पूर्ण आत जावा लागतो, आमचा नवलदादा फक्त गळ्यापर्यंत गेला होता, गळ्याच्या वरचा नवलदादा शेवटपर्यंत कोरडा होता, फोटो आहे माझ्या मोबाईलमध्ये. पण बेबाकाकू, म्हणजे त्याची आई, ती भाजी घ्यायला जाते आणि बाजारभर हेच वाटून येते, "आमच्या तेजसनं माझं पोरगं पाण्यात घातलं." आता मी काय केलं? मी आपलं नुसतं सुचवलं.

मुळात सुरू झालं लग्नावरून. नवलदादा माझा चुलतभाऊ, वय तेहतीस, पंधरा एकर केळी, व्यसन नाही, बोलणं नाही. बोलणं नाही हाच तर घोळ. मुलगी बघायला जातो, पोहे खातो, "चांगले झालेत" म्हणतो, उठतो. अकरा ठिकाणचे पोहे चांगले झाले, लग्न एकाही ठिकाणी झालं नाही. बारावं स्थळ आलं पारोळ्याकडचं, मोहिनी, स्वतःचं मेडिकल चालवते, आणि तिचे वडील भाईदास नाना तिथल्या मंडळाचे अध्यक्ष. नानांनी काकूला फोनवरच सांगितलं, "पोहा-बिहा ऱ्हाऊ द्या. दसराले आमना तलाववर शर्यत शे, पोऱ्याले उतरू द्या. पाणीम्हा बठ्ठं समजस." म्हणजे घ्या, पाण्यात सगळं समजतं म्हणे, लोक पत्रिका बघतात, ह्यांना पोरगं भिजवून बघायचं होतं. काकूनं देव पाण्यात ठेवले. म्हटलं, एका वेळी एकच ठेवा...

तर शर्यतीचं नाव काय, "मानवचलित उभयचर वाहन स्पर्धा". उभयचर म्हणजे बेडूक, एवढं शाळेतलं विज्ञान मला आठवत होतं. गाडी घरी बनवलेली पाहिजे, चालली पाहिजे माणसाच्याच ताकदीवर, मारुतीच्या पारापासून तलावापर्यंत रस्त्यानं, मग तलाव पार, आणि पलीकडे शाळेच्या फाटकाला हात लावायचा.

नवलदादा म्हणाला, "सायकलला ड्रम बांधू." झालं, एवढंच बोलला. मी म्हटलं, दादा, ड्रम तर सगळेच आणतील, केळीवाल्यानं ड्रम नेला तर केळीची काय इज्जत राहिली? पुढं बांध केळीचे खांब, आणि मागं ती बांधावर पडलेली ठिबकची जुनी नळी, तिचं भेंडोळं कर, टोकं दुमडून टाक, आत हवा, वजन नाही, खर्च नाही. मी आपलं नुसतं सुचवलं.

आता लोक मला म्हणतात, अरे ठिबकच्या नळीला दर दोन फुटावर ड्रिपर असतो, म्हणजे भोक असतं, एवढं कळलं नाही का? मला? मी मोबाईल दुरुस्त करतो! आमचे सुकदेव भाऊ वीस वर्षं गावोगाव ठिबक जोडतायत, ते स्वतः टोकं दुमडायला बसले होते. आणि मी विचारलं बरं का, अगदी तोंडानं विचारलं, "भाऊ, भोकांचं काय?" तर भाऊ हातातलं काम थांबवून म्हणाले, "अरे येड्या, ड्रिपरमधून पाणी बाहेर येतं. आत जाताना कोणी पाह्यलंय?" सगळे हसले. आणि खरंच, वीस वर्षांत कोणी पाह्यलं नव्हतं. नवलदादा म्हणाला, "विहिरीत टाकून बघू का?" भाऊ म्हणाले, "शर्यत विहिरीत आहे का?"

दसऱ्याला टेम्पोत गाडी टाकून गेलो. मी बसणार नव्हतो, मी मार्गदर्शक, कोणीतरी काठावर पाहिजेच ना. काठावर माझ्या शेजारी कोण, तर मोहिनी, मोबाईलवर वेळ लावून उभी. रस्त्यावर नवलदादा पहिला. दोन्ही बाजूंनी केळीचे खांब हलतायत, मधे हा घाम पुसत, समोरून सत्यनारायणच निघाल्यासारखा दिसत होता, दोन बायांनी तर हात जोडले. मग पाण्यात घुसला... आणि तरंगला. टाळ्या. एक मिनिट तरंगला.

मग मागची बाजू बसायला लागली. हळूच. एका ड्रिपरमधून ताशी चार लिटर पाणी, हा आकडा सुकदेव भाऊंचाच, आणि ड्रिपर आठशे. हे गणित मी काठावर केलं, तिथं मला वेळ होता. मागची बाजू खाली गेली तशी पुढची वर आली, हिरवेगार खांब पाण्यातून असे वर, ताटात वाढल्यासारखे. आणि तलावात डुंबत होत्या म्हशी.

आमच्याकडच्या म्हशी केळीच्या खांबाकडं बघतही नाहीत, रोजचंच आहे. पण ती कापसाची बाजू, त्या म्हशींनी जन्मभर कडबा खाल्लेला. एक निघाली. मागून सहा निघाल्या. पहिलीनं खांब धरला, मागं बघितलं, ह्या सहाजणी वाटणी मागणार, मग काय, एकटीनं खायला म्हणून ती खांबासकट, गाडीसकट, नवलदादासकट पलीकडच्या काठाला निघाली. आणि हा गळ्याइतक्या पाण्यात पायडल मारतोय. मी लाऊडस्पीकरवरून सांगतोय, "दादा, घाबरू नको, म्हैस बरोबर दिशेनं चाललीय."

मोहिनीनं विचारलं, "ही गाडी कोणाच्या डोक्यातली?"

म्हटलं, "मी आपलं नुसतं सुचवलं."

"मग तुम्ही का नाही बसलात?"

"मला पोहता येत नाही."

"अस्सं," म्हणाली. एवढंच. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

ड्रमच्या गाडीवरचे पाचही जण तलावाच्या मधे गोल गोल फिरत होते, त्यांचा डावीकडचा गडी फार ताकदीचा होता. नवलदादानं काठाला लागून फाटकाला हात लावला. पहिला नंबर. मी पळत जाऊन त्याच्या कानात म्हटलं, दादा, आता फक्त गप्प बस, तुला तेवढंच तर येतं. तेहतीस वर्षं गप्प बसलेला माणूस, तुम्हाला सांगतो, त्यानं तोंड कधी उघडावं? भाईदास नाना हार घेऊन आले आणि हा म्हणाला, "नाना, मी नाही आलो. म्हैस आली."

नाना म्हणाले, "कोनी म्हैस शे?"

"तुमचीच."

नानांनी हार परत खांद्यावर टाकला. नियम म्हणजे नियम. नंबर ड्रमवाल्यांचा, ते तासाभरानं आले. माझं डोकं फिरलं, हातातली बायको म्हशीच्या नावावर केली ह्यानं. तेवढ्यात मोहिनी त्याला विचारते, "म्हैस ओढत होती, मग तुम्ही पायडल कशाला मारत होतात?"

हा म्हणाला, "फुकट कसं बसायचं?"

ती हसली. नाना तिच्याकडं बघत राहिले, मग हार खांद्यावरून काढला आणि गेला तो ह्याच्या गळ्यात. त्याच दिवशी सुपारी फुटली.

तर ही घ्या पत्रिका. खाली टीप वाचा, "वरात तलावातून येईल." नवरीची अट आहे. गाडी तीच, आता दोन सीटची, तलावात पाणी आहे तोवर उरकायचं ठरलंय. सुकदेव भाऊंना विचारलं, भोकं बुजवली का? तर म्हणे, "वरातीत पाणी आत जाताना कोणी पाह्यलंय?" आणि नवरदेवाच्या मागं त्याचा भाऊ बसतो ना आपल्यात, तर मागच्या सीटवर, नळीवाल्या बाजूला, मी. मी होणाऱ्या वहिनीला फोन केला, म्हटलं हे कोणाच्या डोक्यातलं? तर तिकडून शांतपणे म्हणते,

"मी आपलं नुसतं सुचवलं, भाऊजी."

या लग्नाला. पोहता येत असेल तर जरा लवकर या.