ग्लेनचं हरीण

— अहो, शिंगांना धरून नका उचलू! ठेवा, ठेवा ते खाली. पेंढा भरलेलं मुंडकं आहे ते, प्रवासाची बॅग नव्हे. मागच्या फळीला धरायचं, एक हात मानेखाली, हां, असं — जाऊ दे, तुमच्याच्यानं नाही व्हायचं. आधी तो कोट काढा, शहरातला दिसतोय, केस चिकटले की निघणार नाहीत. बसा त्या स्टुलावर, आणि त्या कातड्याला पाय लावू नका, मीठ लावून ठेवलंय. नाव काय म्हणालात? हॉलिस. बरं. तर हॉलिससाहेब, सिनेटर ग्लेन ओव्हरबींनी तुम्हाला राज्याच्या राजधानीपासून चार तास गाडी हाकत ह्या रानात पाठवलं, ते हे हरीण न्यायला. स्वतः नाही आला. फोन नाही. गुंडाळायला लोकरीची घोंगडी मात्र पाठवली. हरणाची फार काळजी हो आमच्या ग्लेनला!

कॉफी घ्या. सकाळची आहे, पण गरम आहे. तुम्ही पहिल्यांदाच येताय ना? मागच्या खेपेला दुसराच कुणी होता, त्याच्या आधी तिसराच. माणसं बदलतात, हरीण तेच. तेवीस वर्षं झाली ह्याला. ग्लेन पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला तेव्हाचं — अंगात नारिंगी शिकारी जाकीट, हातात रायफल, पुढ्यात हे दहा फाट्यांच्या शिंगांचं धूड, आणि फोटोखाली ओळ, ‘तुमच्या बंदुकीला कुणाला हात लावू देणार नाही.’ पोस्टाशेजारच्या खाणावळीत आहे अजून तो फोटो, मासे तळतात त्या कढईच्या वर, तेलानं पिवळा पडलाय. मला आठवतंय ना, धुकं असं दाट, मी गोळी घातली आणि — गोळी घातली गेली, म्हणजे. ग्लेननं. तर निवडून आला, हरीण गेलं राजधानीत, त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर. पंधरा वर्षं तिथं होतं. मग एक दिवस परत. का? तर बिल आणलं होतं त्यानं — बंदूक विकत घेतली की दोन दिवस थांबायचं, मगच ती हातात मिळणार. असं बिल आणणाऱ्याच्या डोक्यामागे मेलेलं जनावर फोटोत बरं दिसत नाही म्हणे. ‘वर्ना, थोडे दिवस सांभाळ.’ सांभाळलं. मग बिल पडलं, निवडणूक आली, हरीण गेलं. मग शेजारच्या गावात, शाळेत, ते झालं — सात मुलं. हरीण परत माझ्या दारात, आणि ग्लेन शहरात व्यासपीठावर, छातीवर नारिंगी फीत. बंदुकीनं गेलेल्यांच्या आठवणीला लावतात ना, ती. तीही नारिंगीच असते, जाकिटासारखीच, अगदी तीच छटा! म्हणजे बघा, टोपी फिरवली दर वेळी, पण रंग काही बदलावा लागला नाही. हसा, हसा. मीही हसले होते. आणि आता वॉशिंग्टनला, देशाच्या काँग्रेसात जायचंय त्याला, आमच्या उत्तरेच्या जागेवरून, म्हणून पुन्हा हरीण. दर वेळी नाकाला नवा रंग मी द्यायचा, कानाची चीर मी भरायची. ग्लेनच्या मतांना कोण रंग देतं कोण जाणे.

मग मी का सांभाळलं, हे नाही विचारणार? विचारा की. तुम्ही लोक विचारत नाही काही. ते बिल कर्टपायी आलं होतं. कर्ट, माझा मुलगा. आठ वर्षं झाली. सव्वीसचा होता, कागदाची गिरणी बंद पडली आणि घरी आला, आणि आला तो पलंगावरनं उठेचना. दिवसभर भिंतीकडे तोंड. जेवायला बोलावलं तर ‘नंतर, मॉम,’ — नंतर म्हणजे कधीच नाही. आणि मग शनिवारी सकाळी बंदूक विकत घेतली त्यानं. अकरा वाजता. रविवार काही त्यानं पाहिला नाही. — नको, नको, रुमाल नको, मला सवय झालीय सांगायची. ग्लेननं खांदा दिला त्याच्या पेटीला. ह्याच स्टुलावर बसून रडला, तुम्ही बसलात तिथं. ‘दोन दिवस, वर्ना,’ म्हणाला, ‘पोराला दोन दिवस मिळाले असते तर उतरलं असतं ते डोक्यातनं.’ आणि खरंच आहे ते! मला आजही वाटतं. सोमवारी उठला असता, पॅनकेक मागितले असते. कुणी सांगावं? पण दुकानदारानं पाच मिनिटांत कागद केला आणि हातात दिली. कायदाच तसा, त्याचा काय दोष.

तर मी गेले. राजधानीत, समितीपुढं, चर्चला घालते तो ड्रेस घालून. तुम्हाला कळतंय का हॉलिससाहेब, ह्या मुलखात, शिकाऱ्यांची हरणं भरून पोट भरणाऱ्या बाईनं तिथं उभं राहून ‘दोन दिवस थांबा’ म्हणणं म्हणजे काय? माझ्या वडलांच्या वेळेपासून नोव्हेंबरात ह्या दारापासून रस्त्यापर्यंत हरणं टांगलेली असायची. यंदा चार आली. त्यातली दोन परगावची. मागच्या बाकावर बसणारी मार्ज, चाळीस वर्षांची मैत्रीण, चर्चमध्ये जागा बदलून बसली. बरं, मी म्हटलं, होऊ दे, कर्टसाठी होऊ दे. आणि मतदान झालं, आणि एका मतानं पडलं. कुणाच्या मतानं? ज्यानं आणलं होतं त्याच्या! दाढ काढायला गेला होता. त्याच दिवशी, त्याच तासाला दाढ! फोनवर बोलला तेव्हा तोंडात कापूसबिपूस काही नव्हता, स्वच्छ बोलत होता — ‘निवडून येऊ दे मला, पुढच्या वर्षी पुन्हा आणतो.’ आणि मी ऐकलं. आणि शाळेतलं ते झाल्यावर पुन्हा बोलावलं, तर पुन्हा गेले, ती फीत लावून. एकदा फसवलं तर फसवणारा लबाड म्हणावं — दुसऱ्यांदा काय म्हणायचं? माझंच नाव घ्यायचं.

पण तेही राहू दे. मतं फिरतात, माणसाला निवडून यायचं असतं, मी काही कालची नाही. ह्या शनिवारी इथंच बसून ह्या ससाण्याचे पंख लावत होते — ससाणा कसला, घार आहे, म्युझियमवाल्यांची — आणि रेडिओ चालू. रायफल क्लबचं वार्षिक जेवण, ग्लेनचं भाषण. म्हणाला, ‘हे दोन दिवसांचे कायदे मी जवळून पाहिलेत. मला एक आई ठाऊक आहे. तिनं स्वतः गाडी चालवत मुलाला बंदुकीच्या दुकानात नेलं. आता सांगा, आईला जे दिसलं नाही ते कायद्याला काय दिसणार?’ टाळ्या. किती टाळ्या! मी घड्याळ बघत होते, थांबेचनात.

— हो. मीच. मी नेलं त्याला. त्याची गाडी बंद पडली होती. शनिवारी उठला, दाढी केली, म्हणाला, ‘मॉम, मला दुकानात सोडतेस? रायफल बघावी म्हणतो, सीझन येतोय.’ आणि मला काय आनंद झाला हो! पोरगं उठलं. पोराला काहीतरी हवंसं वाटलं. मी वाटेत गाणं म्हणत होते. बाहेर गाडीत बसून वाट पाहिली. त्यानं पिस्तूल घेतलं, ते मला दिसलं नाही, पिशवीत होतं. मला वाटलं काडतुसं असतील. — हे कुणालाच ठाऊक नव्हतं. समितीपुढं सांगणार होते मी. राजधानीत गाडीतळावर, ग्लेनच्या ट्रकमध्ये बसून त्याला आधी सांगितलं, तर त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, ‘वर्ना, हे तुझं आहे. हे तुझ्याजवळच राहू दे, कुणाला द्यायचं नाही.’ केवढा आधार वाटला होता मला! आणि नऊशे वस्तीचं आमचं गाव. दुकानाबाहेर त्या दिवशी माझी गाडी कुणी पाहिली नसेल? आता जोडतायत सगळे एकाला एक. काल दूध आणायला गेले तर सगळं दुकान पाठ फिरवून उभं. केसानं गळा कापला त्यानं माझा, हॉलिससाहेब, आणि वर हरीण मागतोय.

आणि मी? मी तेवीस वर्षं तोंड मिटून बसले त्याच्यासाठी. हे हरीण त्यानं नाही मारलं. कसं मारणार! रायफल धरली की ओव्हरबीसाहेबांचे हात असे — असे लटपटत होते, डोळ्यांत पाणी, म्हणे, ‘वर्ना, बघतंय ते माझ्याकडे.’ मी त्याच्या मागून मारलं, आणि त्याच्या शिकार-परवान्याची चिठ्ठी बांधली हरणाला. गुन्हा आहे तो, माझाही परवाना गेला असता. मला तेव्हा उलट तो आवडला होता, हात लटपटले म्हणून. म्हटलं, चांगला माणूस आहे. ह्याला निवडून द्यावं. — हे मी कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं होतं. आणि बघा, तुम्हाला सांगून बसले. सांगा जाऊन. का हो, मान खाली का? मघापासून कपातच बघताय. मी तुम्हाला काही म्हणत नाहीये, तुम्ही पगारी माणूस, सांगितलं तिथं जाणार. तुम्ही काय करता तरी तिथं, त्याच्या ऑफिसात?

काय? जरा मोठ्यानं.

भाषणं लिहिता.

म्हणजे ते — ते ‘मला एक आई ठाऊक आहे’ — ते तुमचं? हं. आणि ती मी, हे तुम्हाला आत्ता कळलं. नाही, माफी नका मागू, थांबा, मला हे नीट कळू दे. म्हणजे त्यानं तुम्हाला सांगितलं. कधी? — गाडीत, दौऱ्यावर. आणि तुम्ही म्हणालात, वापरू या? — तो म्हणाला. तो म्हणाला, ‘हे वापर.’ बरं. सांगताना कसा होता? रडत होता का? माझ्यासमोर रडला होता तो, खूप रडला होता. — नाही? मग काय करत होता? आठवा की. मला हवंय ते.

सँडविच खात होता.

नाही, मी ठीक आहे. हात नका लावू मला. उठा तुम्ही. हरीण इथंच राहील, मी मारलंय ते, आणि उद्या मीच वर्तमानपत्रात फोन करून सांगणार आहे, माझ्या नावानिशी, कर्टच्या नावानिशी, गाडीसकट सगळं. परवाना जायचा तो जाऊ दे. ते तुम्ही लिहायची गरज नाही, माझं मी बोलेन. दार वर उचलून ओढा, अडकतं ते. चला, माझी गिऱ्हाइकं यायची वेळ झाली. — नाही, कुणी यायचं नाहीये. तरी जा तुम्ही.