ऑपेरा बघताना चंद्रोदय

आमच्या व्हिएन्नाची गंमत सांगते. रियाधहून निघतानाच ठरलं होतं, शहर पायी हिंडायचं, डबा घरचा आणि ऑपेरा चौकातल्या मोठ्या पडद्यावर फुकट बघायचा. नेमकी त्या दिवशी संकष्टी आली. लेकीला, सईला मेडिकलला प्रवेश मिळावा म्हणून धरलेली, तेव्हा चंद्र दिसल्याशिवाय घास नाही. रियाधला चंद्र सहसा दगा देत नाही, इथे मात्र आभाळ भरलेलं.

सगळा चौक पडद्याकडे तोंड करून आणि मी पाठ करून.

हे म्हणाले, "अगं, पडद्यावर केवढा चंद्र आलाय. तोच बघ आणि जेव."

"नाटकातल्या चंद्राला अर्घ्य देऊ?"

शेजारच्या आजींनी सईला विचारलं, "तुझी आई रुसलीय का?"

एरवी माझ्या उपासांना हसणाऱ्या सईने त्यांना इंग्रजीत सगळं समजावलं. आजी आभाळाकडे वळून बसल्या. हळूहळू त्यांची अख्खी रांग वळली.

गाणं ऐन रंगात असताना ढग सरले. चंद्र दिसताच आजींनी टाळ्या वाजवल्या, मग रांगेने. बाकीच्यांना वाटलं गाण्यालाच दाद आहे, तेही वाजवू लागले.

मी बाटलीतल्या पाण्याने अर्घ्य दिलं. सईने तळणीचा मोदक माझ्या हातावर ठेवला.

"आई, एवढ्या टाळ्यांनंतर बाप्पाला आता नाही म्हणता येणार नाही."