तीच पायरी

माजा जलम घरात न्हाई झाला ताई, वावरात झाला, आन ते बी दुसऱ्याच्या वावरात, कारन आमी धनगर, पीक निघालं की शेतकरी म्हनायचा या, माज्या रानात मेंढरं बसवा, लेंडीखत पडंल, की आमचं बिऱ्हाड घोड्यावर, आज हितं तर उद्या तितं. शाळा म्हनाल तर आत्याकडं राहून झाली, हितंच आखाडा बाळापुरात. तुमी म्हनसाल इंग्रजीचा क्लास चालवनारी बाई आन बोलून राहिली अशी, तर क्लासमंदी म्या शुद्ध बोलते, पन माज्या बाची गोष्ट मला शुद्ध भाषेत सांगता येत न्हाई, राग नीट निघत न्हाई.

बाजाराच्या रस्त्याला तवा एका सराचा क्लास होता. नाव घेत न्हाई म्या त्याचं, तोंड खराब होतंय. त्याची एक खोड होती, पोरं इंग्रजीच्या ज्या शब्दात गोंधळ करायची त्याच शब्दावरून त्यो पोरांला नाव पाडायचा. आता बघा, आपल्याकडं एक उसनं म्हनलं की भागतंय, उसनं आनलं, उसनं दिलं. इंग्रजीत आनायचं तर बॉरो आन द्यायचं तर लेंड. म्या शेजारनीला पेन मागाया गेले आन बॉरोच्या जागी लेंड म्हनले, झालं, मेंढक्याची पोरगी ती, सर म्हनला ही आपली लेंडी. समदा क्लास मला लेंडी म्हनाया लागला. ते बी म्या गिळलं ताई. खरंच गिळलं.

पन एक दिवस बा आला. खांद्यावर घोंगडं, हातात भाकरीचं गठुडं, दोन कोस लांब रान होतं तितून माज्यासाठी चालत आला. सरानं त्याला पायरीवरच उभा केला, आत या म्हनला न्हाई, आन पोरांकडं बघून डोळा घातला. म्हनला, काय मामा, लुक, सी आन वॉच, तिन्हीत फरक काय ते सांगा बरं. बा म्हनला, मला काय ठाव सायेब. सर म्हनला, अवो तिन्हीचा अर्थ बघनंच. बा म्हनला, मंग समदं बघनंच की. समदा क्लास खदाखदा हासला, आन काय सांगू तुमाला, बा बी हासला. त्यांच्यासंगं हासला, मान हालवून हालवून, गठुडं हातात तसंच. पोरं हासली त्याचं मला काही न्हाई. माजा बा हासला त्याचं आजून पोटात जळतंय. म्या उठले, गठुडं घेतलं, बाला घेऊन निघाले, त्या पायरीवर शिकाया फिरून पाय ठिवला न्हाई. त्या हासन्याचा बदला घ्यायचा, येवढं एकच मनात धरलं.

मंग नांदेडला शिकले, लई तकलीफ काढली, ते सोडा. लगीन झालं, मालक ड्रायव्हर हायेत, गरीब मानूस, त्यांची कधी आडकाठी न्हाई. माघारी आले आन बाळापुरातच पत्र्याच्या खोलीत क्लास मांडला. कोन येनार? समदी पोरं सराकडं. म्या त्याच्या क्लासवर वॉच ठिवला, लुक न्हाई, सी न्हाई, वॉच. लुक म्हंजी नजर टाकनं, सी म्हंजी दिसनं, आन वॉच म्हंजी नजर ठिवनं, कोल्ह्यानं ठिवावी तशी.

आता कळप कसा वळवायचा ते धनगराच्या लेकराला शिकवावं लागत न्हाई. समद्या मेंढरांमागं पळालं तर एक बी हाती लागत न्हाई. म्होरं एक घुंगराची बकरी आसती, तिला वळवली की बाकीची खाली मान घालून मागं येत्यात. सराच्या क्लासात म्होरची कोन ते म्या हेरून ठिवलं. नरसी गावाकडनं येनारी एक पोरगी होती, हुशार, समदी पोरं तिला इचारून चालायची. तिनं बिसाईड आन बिसाईड्समंदी चूक केली म्हनून सरानं तिचं बी काहीतरी नाव पाडलं व्हतं, एसटी स्टँडवर डोळे पुसताना मला दिसली. म्या म्हनलं, चल माय, च्या पी माज्याकडं.

तिला म्या आमच्या पद्धतीनं सांगितलं. दोन मेंढरं सारखी दिसली तर त्यांच्या तोंडाकडं बघू नको, कोनासंगं चालत्यात ते बघ. से आन टेल, दोन्ही म्हंजी सांगनंच, पन से एकटं चालतंय. टेलला मानूस लागतंय, टेल मी, टेल हिम. बॉरोच्या मागं फ्रॉम येतंय, लेंडच्या मागं टू. पोरगी हासली, पन ते हासनं येगळं होतं. म्होरल्या आठवड्यात आली तर मागं तिच्या गावची पोरं, मंग डोंगरकडा गावची, मंग समदी. साल फिरलं न्हाई तं सराचा क्लास बंद पडला आन त्याची जागा रिकामी झाली. म्या तीच जागा भाड्यानं घेतली. व्हय ताई, हीच. तुमी आता चढून आलात ती तीच पायरी.

बा थकलाय, आता हितंच क्लासच्या ओसरीवर बाजंवर बसून आसतो. मागच्या उन्हाळ्यात सर आला. पायरीवर उभा राहिला. म्हनला मॅडम, एखादी बॅच द्या शिकवायला. मॅडम! म्या आत या म्हनले न्हाई. क्लास भरलेला होता. म्या म्हनले, सर, माजा बा मेंढरांला कसा हाकारतो, तसं हाकारून दावा, मंग बघू. त्यानं हिकडं तिकडं बघितलं आन हाकारलं, हुर्रर्र, हुर्रर्र. पोरं हासली. आन सर बी हासला, मान हालवून हालवून, बराबर बासारखा. ग्वाड लागलं मला ताई. खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात बा बाजंवर सरकला आन म्हनला, बसा गुरुजी, ऊन हाय. आन मलाच म्हनला, पानी आन. म्या पानी आनलं, पन माजा नुसता संताप.

सर पानी पिऊन गेला, आन लेकरं गेल्यावर म्या बाला म्हनले, वळखलं का त्याला, ह्यानंच तुला हासवलं होतं. बा म्हनला, वळखलं की. पन त्यानं हासवलं न्हाई माय, म्या हासलो. काहून? तर म्या तोंड वाकडं केलं आसतं तर त्यानं तुलाच काढलं आसतं क्लासातून. तुजी जागा राहावी म्हनून हासलो, आन तू तर त्याच घडीला उठून आलीस, माजं हासनं फुकट गेलं बग. आता सोड त्याला.

न्हाई सोडत. माज्यापायी हासला हे कळल्यावर तर आजिबात न्हाई. म्या त्याला सकाळची बॅच दिली. रोज येतो, पायरी चढतो, बाच्या म्होरं वाकून नमस्कार करतो, तो माजा नियम हाय, बा त्याला च्या देतो, मंगच आत सोडते. लोक म्हनत्यात मॅडमचं मन मोठं. म्हनू द्या.

तुमी माजं ऐकून घेतलं, देव तुमचं भलं करो. आन सराचं बी करो. शंभर वर्सं आयुष्य दे त्याला देवा, गुडघे धड ठिव, आन रोज ही पायरी चढू दे.