मोटारीवर कोण जाईन?

— नाई नाई, बसा ना साहेब. रूमच्या नळाले पाणी नाई, मालूम हाय मले — त्याच्यासाठीच तर पूल खेळून राह्यलो आमी! हसू नका. पाण्याच्या मोटारीची लाइन साडेपाचले येते, अन् मोटार तिकडं मागं, नाल्याच्या काठाले, मोहाखाली. दोनशे पावलं. एकानं काउंटरवर राह्यलंच पाह्यजे असा मॅनेजरचा हुकूम, म्हणून जाचं एकट्यानंच. कोण जाईन? ते या टेबलावर ठरते. जो हारला त्यानं टॉर्च घ्याचा. मोहफुलं पडून राह्यली ना सध्या — अस्वल येते खायाले. तुमी लोक मोहर्लीले वाघ पाहाले येता. वाघ निघून तरी जाते जी, अस्वल थेट तोंडावर येते.

आता पाहा. माहा फक्त हा काळा बॉल राह्यला, रुखमाचा एक लाल. काळा गेला का मी जितलो. पण कुठी हाय पाहा — पार तिकडल्या टोकाले, पट्टीले चिकटून! चुकला तर पॉकेटच्या तोंडाशी जाऊन बसन, अन् मंग रुखमा लालबी टाकन अन् काळाबी. नाईतर मंग सेफ्टी — हळूच टिचकी माराची, पांढरा काळ्याच्या मागं लपवून ठेवाचा, तिले लाल दिसतच नाई. चारदा सेफ्टीच खेळलो मी. खेळ संपत नाई तवर कोणाले जा लागत नाई — असं वाटते. पण तिकडं उजेड चालला ना! आत्ताच भात पाहाले आत गेली, जाता जाता म्हणते, "धनराजभाऊ, मारा ना लवकर, दिवस बुडून राह्यला."

रुखमा म्हणजे दसरूची बायको. दसरू इथीच होता माह्यासंगं कामाले. मांगच्या मंगळवारी तो हारला. गेला. मोटारीचा आवाज आला, मी इथी हुश्श केलं — अन् मंग त्याचं वरडणं. अर्धं तोंड... जाऊ द्या. चंद्रपूरले दवाखान्यात हाय, एक डोळा गेला, माय बसते त्याच्यापाशी. रुखमा त्याच्या जागी कामाले आली, म्हणे खेळाची पाळीबी आता माहीच. आठ दिवसांत शिकली, बाप्पा!

हारला म्हणजे... कसा हारला? माह्या बाहीचा धक्का लागला होता काळ्याले. बोटभर सरकला. फाउल होता तो, पाळी त्याची होती. त्याची पाठ होती इकडं, त्यानं पाह्यलं नाई. मी बोललो नाई, तसाच मारला अन् काळा टाकला. काऊन बोललो नाई? भेलो! दुसरं काई नाई, भेलो. अन् आजबी भेवच वाटून राह्यलं. हे कोणाले सांगू नका हो. तिले तर नाईच नाई. मी काऊन सांगून राह्यलो तुमाले?

मारतोच आता. डायरेक्ट काळा. ...नाई, नाई जमत. सेफ्टीच, एकदा, शेवटची —

थांबा. टॉर्च कुठी हाय? त्या खिळ्याले होता ना टांगून? रुखमावयनी! ओ वयनी! ...गॅस तर बंद हाय. भात उतरवून ठेवला.

ऐकलं? मोटार. मोटार चालू झाली. पोहचली म्हणजे. पोहचाचं काई नाई, दसरूबी पोहचला होता, वापस येणं राह्यते. — साहेब, दाराशी उभी होती का ते? मी बोलत होतो तवा? तुमचं तोंड दाराकडंच होतं. टॉर्च घेतला तोबी दिसला असन तुमाले. मंग बोलले काऊन नाई? काऊन नाई बोलले तुमी?

...असू द्या. मी कोणत्या तोंडानं इचारू.

सरका. स्टिक हाय हातात, तेच पुरे. काउंटरवर कोणी नसलं तर नसलं. वयनी! थांब तिथीच, जोरानं बोलत राह्य, मी येऊन राह्यलो! — तुमी जा जी रूमवर, दार लावून घ्या. पाणी आलं असन नळाले.